पिवळ्या केसांची पाहुणी

"रत्ने, ध्यानात ठिव. ह्या भितीला जित्या मानसाचं तोंड लावायचं न्हाई. जो गेला त्याचीच ही जागा. बाकी कुनाची न्हाई."

आत्याबाईंना जाऊन किती पावसाळे लोटले, तरी हा आवाज रत्नाबाईंच्या कानात अजून ओला होता. सासूला त्या आत्याबाई म्हणत. नव्या नवरीला घर दाखवताना आत्याबाईंनी चुलीच्या आधी, देव्हाऱ्याच्या आधी ही भिंत दाखवली होती. त्या वेळी भिंत शेणामातीची होती. आता तिला सिमेंटचा गिलावा झाला होता, मुलाने, शेखरने, यंदा पांढरा रंगही दिला होता, आणि तिच्यावर दोनच फोटो होते. एक खुद्द आत्याबाईंचा, दुसरा शेखरच्या वडिलांचा. दोघांनाही चंदनाचे हार. रोज सकाळी देवपूजा झाली की रत्नाबाई या दोघांपुढे उभ्या राहत, हात जोडत, आणि मगच चहाचं आधण ठेवत. हात जोडणं इतकं अंगवळणी पडलं होतं की भिंतीवर तोंड दिसलं की हात आपोआप वर जात.

मुळशीच्या पाण्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. खालच्या अंगाला भाताची खाचरं, त्याच्या खाली शेखरने पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि त्याच्याही खाली धरणाचं पाणी. श्रावणात हे पाणी धड कधी दिसतच नाही. धुकं पाण्यावरून उठतं की आभाळातून उतरतं, ते कळत नाही. मधूनच ते फाटतं, एखादी होडी दिसते, आणि पुन्हा सगळं मिटतं. रत्नाबाईंना वाटे, आपलं घरच हळूहळू कुठेतरी तरंगत चाललंय, आणि सकाळी उठून पाहावं तर पुन्हा होतं तिथंच.

अशा धुक्यात त्यांच्या सुनेचं, जुईलीचं, मन मात्र लागत नव्हतं. पोरगी सूसची. हिंजवडीत नोकरीला. आठवड्यातले काही दिवस घरून काम करी, बाकीचे दिवस पहाटे गाडी काढून जाई ती अंधार पडल्यावर येई. कामसू होती, उलट बोलणारी नव्हती. पण घरात ती पाहुण्यासारखी वावरे. डबा कुठला घेऊ, हे पातेलं वापरू का, इथे बसू का. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी "बसू का" संपलं नव्हतं. आणि गेल्या आठवड्यात रत्नाबाईंनी ओट्यावर तांदूळ निवडताना ऐकलं होतं, शेखर आत म्हणत होता, "बघून तर येऊ. सूसला टू बीएचके भाड्यानं मिळतोय. तुझं जाणं-येणं तरी वाचेल. आईला मी सांगतो हळूहळू."

तेव्हापासून रत्नाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगं दूर जाईल याचं दुःख होतंच. पण त्याहून एक गोष्ट टोचत होती. ही मुलगी या घरात राहिली ती उंबऱ्यावरच राहिली. आत आलीच नाही. आपलं काय चुकलं?

म्हणून जुईली परवा फोन घेऊन जवळ आली आणि म्हणाली, "आई, हॉलची भिंत अगदी रिकामी वाटते. एखादं पेंटिंग आणूया का? पॉप आर्ट म्हणतात. एकदम ब्राइट असतं. सूसला एक ताई अ‍ॅक्रिलिकमध्ये हुबेहूब कॉपी करून देतात," तेव्हा रत्नाबाईंनी नीट पाहिलंही नाही. या पोरीने या घरासाठी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्या म्हणाल्या, "आण की गं. तुझंच घर हाय." फुलं असतील, डोंगर असेल, फार तर राधाकृष्ण असतील, असं त्यांच्या मनात होतं.

"तुम्हीही चला. सोमवारी मी सुट्टी टाकलीय."

"सोमवारी माझं मौन असतंय."

"माहितीये. तुम्ही नुसती मान हलवा." जुईली हसली. "माझ्याशी भांडणार नाही ना, तेवढंच बरं."

श्रावणातल्या सोमवारी रत्नाबाई सकाळी अंघोळीनंतर जे तोंड मिटत, ते दिवेलागणीला उपास सोडतानाच उघडत. आईकडून आलेलं व्रत होतं. न बोलता दिवस काढला की संध्याकाळी पहिला शब्द देवाचा निघतो, आणि तो फार गोड लागतो, असं त्यांना वाटे.

पौड, पिरंगुट मागे टाकत, लवळ्याच्या फाट्यावरून त्या दोघी सूसला पोचल्या. उंच सोसायट्यांच्या पायथ्याशी, किराणा आणि केशकर्तनालय यांच्या मध्ये, त्या चित्रकार ताईंचा, प्रियदर्शिनीचा, गाळा होता. तिशीतली सडसडीत मुलगी, हाताच्या कोपरापर्यंत रंग. दारातच म्हणाली, "या मावशी, जपून. खाली ओलं आहे, पदराला लागेल."

आत पाऊल टाकलं आणि रत्नाबाई थबकल्या. बाहेर सगळं करडं, ओलं, मिटलेलं. आणि इथे जणू कुणी रंगपंचमीला कुलूप लावून ठेवलं होतं. एकच फूल, पण गुलाबी, मग निळं, मग केशरी, मग काळं. एकच डबा, एकाशेजारी एक, रांगच्या रांग. एकच बाटली, पुन्हा तीच, पुन्हा तीच. पोरीबाळी हसतील अशी ती चित्रं. पण रत्नाबाईंना हसू आलं नाही. चातुर्मासात त्या रोज तुळशीपुढे गोपद्मं काढत, गाईच्या पावलांची रांगोळी. एक पाऊल, मग तसंच दुसरं, मग तसंच तिसरं. बोटं चालत राहत, मन शांत होत जाई, आणि शेवटी शेवटी वाटे की पावलं आपण काढत नाही, गाय खरंच अंगणातून चालत गेलीय. इथेही कुणीतरी तसंच काहीतरी केलं होतं. देवाचं नव्हतं, साध्या डब्याचं होतं. पण सारखं सारखं म्हटलं की डबासुद्धा नामासारखा लागतो की काय?

"ही सगळी मूळ चित्रं परदेशातली आहेत, मावशी," प्रियदर्शिनी सांगत होती. "साठेक वर्षं झाली. तेव्हा लोक म्हणाले, ही कसली चित्रं, ही तर दुकानातली माल-मसाल्याची पाकिटं. मी हातानं कॉपी करते. प्रिंट नाही. हे ठिपके बघा, पत्र्याच्या जाळीतून रंग दाबून काढलेत."

रत्नाबाईंनी डोळे मोठे केले आणि हवेतच डबी आपटल्यासारखा हात केला. जुईली म्हणाली, "आई म्हणतायत, रांगोळीच्या छापासारखं."

"हो, तेच! माझी आजीही असाच छाप वापरायची."

रत्नाबाईंनी चार रंगांच्या फुलाच्या चित्राकडे बोट केलं. हे घे. फूल देवाला चालतं, भिंतीला चालतं, आत्याबाईंनाही चाललं असतं. जुईलीने मान डोलावली, पण तिचे डोळे भलतीकडेच होते.

गाळ्याच्या टोकाच्या भिंतीवर एकटीच एक बाई होती. नुसतं तोंड, पण चांगलं दोन हात उंच. केस हळदीसारखे पिवळे. गाल गुलाबी ठिपक्यांचे. लाल ओठ किंचित उघडे, आणि डोळे तिरपे, जणू दाराशी कुणाची चाहूल लागलीय आणि ती म्हणतेय, आले का हो? रत्नाबाई तिच्यासमोर आल्या. भिंतीवर तोंड. त्यांना काही सुचायच्या आत हात वर गेले, जुळले, मान खाली झुकली.

"आई!" जुईली जवळजवळ ओरडलीच. "तुम्हाला हीच आवडली? मला वाटलं तुम्ही नाकच मुरडाल! ताई, बघितलं? आमच्या आईंनी नमस्कार केला तिला!"

नाही गं बाई, असं नाही. शब्द रत्नाबाईंच्या घशापर्यंत आला आणि व्रतापाशी थांबला. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली आणि सुनेकडे पाहिलं. जुईलीच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं, जे वर्षभरात त्या घरात कधी उजळलं नव्हतं. बसू का, घेऊ का, काही नव्हतं. लहान मुलीसारखी ती रत्नाबाईंच्या दंडाला धरून उभी होती. रत्नाबाईंची मान हलायची थांबली.

पिवळ्या केसांची बाई गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन, पांढऱ्या कागदात गुंडाळून मुळशीला आली. शेखरने त्याच दुपारी खिळा ठोकला. उजेड बरोबर पडतो म्हणून त्याच भिंतीवर, आत्याबाई आणि वडिलांच्या शेजारी. आजीचा नियम त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. संध्याकाळी दिवा लागला, मौन सुटलं, पण बोलायचं होतं ते काही सुटलं नाही. "कसं दिसतंय, आई?" शेखरने विचारलं. "उजेड पडल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी, ऐन दुपारी, शेजारच्या चंद्राबाई तगरीची फुलं घेऊन आल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, जिभेला हाड नसलेल्या. "रत्ने, हायेस का गं?" म्हणत आत शिरल्या आणि भिंतीपाशी थिजल्या. चपला काढून कोपऱ्यात सारल्या, पदर डोक्यावर ओढला, हात जोडले.

"आगं, कळवायचं तरी मला! मी काय परकी हाय व्हय? कवा गेली?"

"कोण?" रत्नाबाई गोंधळल्या.

"ही गं! आरारारा, तरणीताठी की! आन केसं अशी कशानं पिवळी पडली? औशदानं?" चंद्राबाई पुढे झाल्या आणि ओंजळीतलं एक फूल चित्राच्या कडेला खोचू लागल्या. "सुनेकडची का? मावशी-बिवशी? तोंडावर तर नुस्ता गोवर उठलाय बिचारीच्या."

आतल्या खोलीतून हसण्याचा फवारा उडाला. जुईली लॅपटॉप सोडून बाहेर आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "आजी, अहो, ती कुणीच नाहीये! चित्र आहे नुसतं. परदेशातलं."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

"मग भितीला कशापायी?" चंद्राबाईंना खरंच कळेना. "ह्या घरात गेल्याबिगर तोंड भितीला लागत न्हाई, पोरी. तुझी आजेसासू लई कडक व्हती. रत्नीनं तुमच्या लग्नाचा एवढा मोठा फोटू बी म्हनून तर पेटीत घातलाय. कुनी सांगितलं न्हाई का तुला?"

जुईलीचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"पेटीत?" ती म्हणाली.

लग्नानंतर तिने हौसेने तो फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. सत्यनारायणाच्या दिवशी तो सोफ्यावर टेकवून ठेवला होता आणि नंतर दिसलाच नाही. तिने विचारलं नव्हतं. न विचारता वर्षभर तिने एक अर्थ लावला होता, आणि तो अर्थ घेऊन ती या घरात वावरत होती.

"आई, तुम्ही काल तिला नमस्कार केलात, तो ती आवडली म्हणून नाही. ती मेलीय असं वाटलं म्हणून?"

रत्नाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्या गप्प राहिल्या, आणि आज तर मौन नव्हतं.

"म्हणजे माझं तोंड या घरात मेल्यावरच लागणार," जुईली हळूच म्हणाली. रागाने नाही. एखादा पत्ता वाचून दाखवावा तसं. मग ती वळली आणि तिने दार लोटून घेतलं.

चंद्राबाई फूल हातात धरून तशाच उभ्या. "मी काय वावगं बोल्ले का गं?"

"न्हाई, आक्का. खरंच बोल्लात."

चंद्राबाई गेल्या. रत्नाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या. पाऊस झिमझिमत होता, पागोळ्या एका सुरात गळत होत्या, आणि त्या सुरातच त्यांचा डोळा लागला.

त्या धरणाच्या काठाशी होत्या. धुकं नव्हतं. पाणी इतकं नितळ की तळाची जुनी खाचरं, बांध, एखादं बुडालेलं जोतं, सगळं दिसत होतं. आणि पाण्यावर कमळाच्या पानांसारखे चेहरे तरंगत होते. एक गुलाबी, एक निळा, एक केशरी. काठावर आत्याबाई बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. शेजारी पिवळ्या केसांची बाई. तिच्या गालांचे ठिपके एकेक करून पाण्यात गळत होते आणि माशांची पिल्लं ते टिपत होती.

"ही कुनाची गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुनाचीच न्हाई, आत्याबाई."

"मग बरी हाय. हिला काय व्हायचं न्हाई." आत्याबाई पाण्यात वाकून काहीतरी शोधत होत्या. हात खोल, आणखी खोल. "माझा हितंच कुटंतरी हाय. बारका. टोपी घातलेला."

रत्नाबाई दचकून जाग्या झाल्या. पदर पावसाच्या तुषारांनी भिजला होता. टोपी घातलेला बारका कोण, ते त्यांना ठाऊक होतं. आत्याबाईंचा थोरला मुलगा. जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्याने त्याचा फोटो काढला, आत्याबाईंनी मिरवत भिंतीला लावला, आणि त्याच पावसाळ्यात पोर तापाने गेलं. फोटो सासऱ्यांनी धरणाच्या पाण्यात सोडून दिला. आत्याबाईंनी हे एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता, तव्याकडेच बघत. त्या भिंतीचा नियम कुठल्या पोथीतला नव्हता. एका आईच्या पोटातून आला होता. आणि रत्नाबाईंनी तो व्रतासारखा पाळला, कारण पाळणं त्यांना येत होतं. पण का पाळायचं, हे त्यांनी सुनेला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितल्याशिवाय पाळलेलं दुसऱ्याला नुसतं दार लावल्यासारखं दिसतं.

तिन्हीसांजेला त्यांनी दिवा लावला. हॉलमध्ये आल्या तर जुईलीने चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. ती सोफ्याच्या कडेला बसली होती. हातातला फोन वाजत होता, आणि पडद्यावर नाव होतं सूसचा फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाचं. ती उचलतही नव्हती, बंदही करत नव्हती.

"परत करू आपण," जुईली म्हणाली. "ताई घेतील. तुमच्या मनाविरुद्ध नको."

रत्नाबाई तिच्या शेजारी बसल्या. टोपीवाल्या मुलाची गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने कुणाला तरी सांगितली. शेखरलाही हे ठाऊक नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला होता, हातात पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या, आणि आत यायचं विसरला होता.

सांगून झालं तेव्हा फोन कधीचा गप्प झाला होता.

"मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही," जुईली म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला शेखरसाठी दुसरी कुणीतरी हवी होती."

"अगं बये!" रत्नाबाईंचे हात कपाळाला गेले. "तुला काय व्हऊ ने म्हनून पेटीत घातला गं. पेटीत बी नुस्ता न्हाई. माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळलाय."

जुईलीने फोन सोफ्यावर पालथा ठेवला. मग तिने विचारलं, "तुम्हालाही खरंच भीती वाटते, आई? आजही?"

"वाटते." त्यांनी लपवलं नाही. "शिकली-सवरलेली तू. तुला हसू येईल. पण तुझं तोंड तितं लावायला माझा हात उचलत न्हाई."

"मग काय करायचं?"

रत्नाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. दोन फोटो, आणि शेजारी उघडा खिळा. त्यांना एकदम फार सोपं वाटलं. रांगोळीत एखादी रेघ सापडावी तसं.

"पहिलं माझं लावू," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी जिती हाय ना? माझं तोंड लावा. पुढच्या श्रावणापर्यंत राहू दे. मी हिंडते-फिरते ते आत्याबाई बघतील, मग त्यांचीबी भीती जाईल, माझीबी. मग तुमच्या दोघांचं."

"आई, काहीतरीच काय बोलता!" जुईलीने त्यांचा हात घट्ट धरला. "आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"व्हायचंच असलं तर आधी माझा नंबर हाय. वयानं मोठी मी."

शेखर दारातून म्हणाला, "आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"तू गप बस. बायांचं चाललंय." आणि मग सुनेला, हळूच, "त्या प्रियदर्शिनीकडं मी स्वतः जाईन. माझ्या तोंडाचं तसलंच चित्र सांगून येईन. ठिपक्याठिपक्यांचं. तुला शब्द दिला."

जुईलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "केस कुठल्या रंगाचे सांगणार? निळे?"

"हिरवे सांगते. पोपटी. पदर मात्र डोक्यावर पायजे."

शेखरने कपाळावर हात मारला. "चंद्राआजी बघंल तर जागच्या जागी बसंल."

"बसू दे. उठवू तिला," रत्नाबाई म्हणाल्या, आणि जुईली दुपारसारखी पुन्हा हसली, फक्त या वेळी ती हसता हसता त्यांच्या खांद्यावर टेकली, टेकू का असं न विचारता.

"उद्या मी सोडतो तुला सूसला," शेखर म्हणाला.

"नको. शब्द मी दिलाय."

बुधवारी उजाडलं तेव्हा घर धुक्यात बुडालेलं होतं. रत्नाबाईंची पूजा लवकर आटोपली. त्यांनी दूध तापवून झाकून ठेवलं, जुईलीच्या डब्याची भाजी परतून ठेवली. कपाटातून मोरपंखी इरकल काढलं, निऱ्या पुन्हा पुन्हा जुळवल्या. आरशासमोर एक क्षण उभ्या राहिल्या. गालावर हात फिरवला. चित्रात बसायचं तर कसं बघायचं असतं? समोर? की तिरपं, कुणाची तरी चाहूल लागल्यासारखं? त्यांना हसू आलं, आणि मग छातीत थोडं धडधडलंही. ते धडधडणं त्यांनी तसंच राहू दिलं.

जुईलीच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत दोघं गाढ झोपली होती. रत्नाबाईंनी दार आवाज न करता ओढून घेतलं, पिशवीत छत्री टाकली, आणि पायरी उतरून, सूसला जायची एसटी धरायला, पौडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्या.